हंगरवाडीचा भोंगा

लातूर, जिल्हा कारागृह
१४ ऑक्टोबर २०२४

ऋतुजाताई,

आत्याला नमस्कार सांग. मी कुठून लिहितोय ते मात्र सांगू नको. आदिनाथ पुण्याला ट्रेनिंगला गेलाय असं तुम्ही तिला सांगितलंय म्हणे, तेच चालू दे. अंथरुणाला खिळलेल्या बाईला हे कशाला.

इथं फोनची पाळी येते, पण मागं रांग असते आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून पत्र. ही पत्रं इथं उघडून वाचतात, मग पुढं जातात, तेवढं ध्यानात असू दे.

मी बरा आहे. बराकीत माणसं जास्त आणि जागा कमी, पण कुणी त्रास देत नाही. माझं नाव 'कॉम्प्युटरवाला' पडलंय. एक म्हातारा कैदी आहे, त्याला माझा गुन्हा समजतच नाही. "तू तिथं नव्हतास, हात लावला न्हाईस, मग माणसं मेली कशी?" असं रोज विचारतो.

तू पेपरात वाचलंस ते खरं आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी हंगरवाडीची माणसं बैल धुवायला मांजरेच्या पात्रात उतरली होती. वर बॅरेजची गेटं उघडायच्या आधी काठच्या प्रत्येक गावात भोंगा वाजायला पाहिजे. तो वाजवणारी कॉम्प्युटरची स्क्रिप्ट मी लिहिली. बाकीच्या गावांत वाजला, हंगरवाडीत वाजला नाही, आणि गेट उघडलं. नागाबाई म्हणून एक बाई, तिचा मुलगा भारत आणि शेजारचा एक माणूस, असे तिघं गेले. बैलजोडी गेली. काम माझं होतं असं मी पोलिसांना सांगितलंय. त्यापुढं सांगण्यासारखं काही नाही.

माझ्यासाठी धावपळ करू नका. मुरुडला बाबांकडं कुणाला तरी पाठव, डोळ्याच्या ऑपरेशननंतर ते एकटेच आहेत. आणि दाजींना जप. आम्ही एकाच कंपनीत, त्यांना लोक काहीबाही विचारत असतील. त्यांना म्हणावं, आदिनाथ ठीक आहे.

आदिनाथ


नांदेड
२७ ऑक्टोबर २०२४

आदी,

'त्यापुढं सांगण्यासारखं काही नाही' असं लिहून तू मोकळा झालास. इथं आम्ही काय करायचं? आई रोज विचारते, पोराचं ट्रेनिंग कधी संपणार. सृष्टी पाच वर्षांची, तिला आपण खोटं बोललेलं कळतं, ती आजीसमोर माझ्याकडं बघत बसते.

मामांकडं मी स्वतः मुरुडला जाऊन आले. डोळा बरा आहे. निघताना एवढंच म्हणाले, "त्याला लहानपणी तुमच्याकडं ठिवलं ते शिकावं म्हणून."

तुझ्यासाठी वकील केलीय. सिंधु नाव आहे, लातूरच्याच आहेत. त्यांनी तुझा जबाब वाचला आणि मला विचारलं, हा मुलगा सगळं अंगावर का ओढून घ्यायलाय? सदोष मनुष्यवधाचं कलम आहे, जामीन सोपा नाही. त्यांना स्क्रिप्टमधलं काही कळत नाही. मी त्यांना म्हणाले, मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आहे, आदीनं मला समजावलं तर मी तुम्हाला समजावते. तेव्हा ती स्क्रिप्ट काय करायची आणि त्या दिवशी काय केलं, ते साध्या शब्दांत लिही. लपवालपवी न करता लिही.

सोमेशची तब्येत मला बघवत नाही. पोळ्यापासून कंपनीत गेला नाही, आता नोकरी सोडली म्हणतो. ताटावर बसतो आणि उठतो. तुझं नाव निघालं की अंगणात जाऊन उभा राहतो. सख्ख्या भावासारखी तुझी काळजी लागलीय त्याला. तू त्याला जप म्हणून लिहिलंस, मी पत्र वाचून दाखवलं, तर चेहरा झाकून घेतला त्यानं. निदान त्याच्यासाठी तरी लढ.

ऋतुजा


लातूर
९ नोव्हेंबर २०२४

ताई,

वकीलबाईंना असं सांग.

बॅरेजवर गेटची खोली आहे. तिथं आनंदराज नावाचे ऑपरेटर बसतात. पाणी सोडायचं ठरलं की ते कॉम्प्युटरवर 'सूचना द्या' हे बटण दाबतात. मग माझी मूळ स्क्रिप्ट सुरू होते. ती स्वतः भोंगा वाजवत नाही. ती प्रत्येक गावासाठी एक वेगळा छोटा प्रोग्राम सुरू करून देते. त्याला आम्ही चाइल्ड प्रोसेस म्हणतो. एक चाइल्ड एका गावाचा. तो त्या गावातल्या भोंग्याच्या डब्याला फोन लावतो, भोंगा वाजवतो, पोलीस पाटलाला आणि सरपंचाला फोन करतो. सगळे एकदमच कामाला लागतात, म्हणजे शेवटच्या गावाला पहिल्या गावासाठी ताटकळावं लागत नाही.

काम संपलं की प्रत्येक चाइल्ड जाताना एक आकडा मागं ठेवतो. शून्य म्हणजे काम झालं. दुसरा कुठलाही आकडा म्हणजे झालं नाही. मूळ स्क्रिप्टनं काय करायचं, तर प्रत्येकाला सुरू करताना त्याची ओळख टिपून ठेवायची, तो संपेपर्यंत थांबायचं, आणि त्यानं कोणता आकडा ठेवला ते बघायचं. सगळे शून्य आले तरच स्क्रीन हिरवी करायची. एकही चुकला तर त्या गावाचं नाव लाल. लाल असेल तर गेट उघडायचं नाही.

त्या दिवशी हंगरवाडीच्या डब्यातलं सिम बंद पडलं होतं. त्या गावाचा चाइल्ड सुरू झाला आणि लगेच हरून बाहेर आला. पण मूळ स्क्रिप्ट त्याच्यासाठी थांबलीच नव्हती. सगळे सुरू करून दिले आणि तिनं स्क्रीन हिरवी केली. आनंदराजना हिरवं दिसलं. त्यांनी गेट उघडलं. त्यांची काही चूक नाही, हेही वकीलबाईंना सांग.

थांबायची ती ओळ लिहायला मी विसरलो. एवढीच गोष्ट आहे.

मागच्या तारखेला कोर्टात मलप्पा आले होते. नागाबाईंचे मालक, भारतचे वडील. मला वाटलं अंगावर येतील. मी खाली मान घालून उभा होतो. ते जवळ आले, माझ्याकडं बघितलं आणि पोलिसाला विचारलं, "ह्यो लई बारका हाय की. ह्योच का?" पोलीस हो म्हणाला. मग ते बाकावर जाऊन बसले आणि तारीख होईपर्यंत तिथंच बसून राहिले.

दाजींना सांग, जेवत जा.

आदिनाथ


नांदेड
२ डिसेंबर २०२४

आदी,

तुझं पत्र वाचून मी लॅबमध्ये बसले. तू लिहिलंस तशी स्क्रिप्ट बनवली. सहा गावांची नावं टाकली, प्रत्येकासाठी एक चाइल्ड. त्यातला एक मुद्दाम नापास होईल असा ठेवला. थांबायची ओळ नसताना चालवली, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत 'सगळ्यांना सूचना दिल्या' म्हणून आलं. ओळ घातली, तर ती थांबली आणि मग नापास झालेल्या गावाचं नाव दाखवलं. वकीलबाई शेजारीच होत्या. त्यांना पहिल्यांदा सगळं कळलं.

पण आदी, एक गोष्ट मला पटेना. आमच्या लॅबच्या सगळ्या मशीनचा बॅकअप एकदम घ्यायची स्क्रिप्ट तूच मला शिकवलीस. त्यातही हेच होतं, एका मशीनला एक चाइल्ड. मी सगळे सुरू करून दिले आणि झालं म्हणाले, तेव्हा तू मला काय बोलला होतास? "ताई, सुरू केलं म्हणजे झालं असं नसतं. परत आला का, काय घेऊन आला, ते विचारल्याशिवाय उठायचं न्हाई." मुलांसमोर बोललास, मला राग आला होता. बॅकअपसाठी जो माणूस एवढा जीव काढतो तो माणसांच्या भोंग्यासाठी विसरतो, हे मी कसं खरं मानू?

तू खोटं बोलून राहिलास. कुणासाठी ते मला कळत नाही.

मला वाटतं, तुझा मालक हणमंतराव. मी त्याच्या ऑफिसात गेले. बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, "ताई, आम्ही कामं आणतो. आत काय लिहिलंय ते पोरांचं पोरांना ठाऊक. आदिनाथनं स्वतःच कबूल केलंय, तुम्ही कशाला उकरता?" माझ्याकडं बघायच्या ऐवजी तो सारखा फोनकडं बघत होता. त्याला काहीतरी ठाऊक आहे.

सोमेशला सांगितलं तर तो पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला. तिथं पुन्हा जायचं नाही म्हणाला. त्याला माझ्यासाठी भीती वाटते, हणमंतराव वाईट माणूस आहे म्हणतो. मग तर तू बोललंच पाहिजेस. कोणाचं नाव आहे, मला लिही.

ऋतुजा


लातूर
१२ डिसेंबर २०२४

ताई,

हात जोडतो, इथंच थांब. वकीलबाईंना सांग की आरोपीला काही वेगळं म्हणायचं नाही. हणमंतरावांच्या ऑफिसात जाऊ नको, लॅबमध्ये ते सगळं परत करू नको, आणि घरी तर करूच नको.

माझं लग्न नाही, मागं लेकरू नाही. बाबांना तुम्ही बघालच. शिक्षा झाली तर भोगून येईन. आई गेल्यावर आत्यानं मला पदराखाली घेतलं. तिच्या घरात काही मोडावं आणि ते माझ्यामुळं मोडावं, हे मला नको आहे. याच्यावर विचारू नको.

आदिनाथ


नांदेड
२१ जानेवारी २०२५

आदी,

हे पत्र तिथं उघडून वाचतील, मला माहीत आहे. वाचू देत. वकीलबाईंना मी आधीच सांगितलंय.

तू 'घरी तर करूच नको' असं लिहिलंस. ते वाचूनसुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटलं, आईला कळेल म्हणून लिहिलंस. संक्रांतीच्या सुट्टीत मी घरी लॅपटॉप घेऊन बसले. कोर्टात दाखवायची म्हणून ती सहा गावांची स्क्रिप्ट नीट करत होते. एक चाइल्ड मुद्दाम उशिरा संपेल असा ठेवला होता, म्हणून स्क्रीन थांबून राहिली होती. सोमेश मागं येऊन उभा राहिला ते मला कळलंच नाही.

तो म्हणाला, "ती वेटची ओळ काढ. मग अडकत नाही."

अगदी सहज म्हणाला. मीठ कमी आहे म्हणावं तसं. मी वळून बघितलं. त्याच्या तोंडाचा रंग उतरत गेला, तो मला दिसला.

मी विचारलं, "तू काढलीस?"

तो खुर्ची ओढून बसला. मग सगळं सांगितलं. जुलैत तू मामांच्या डोळ्यासाठी मुरुडला होतास. पाटबंधारे खात्याचे मोठे साहेब सिस्टिम बघायला येणार होते. आदल्या दिवशी चालवून बघितली तर एका गावाचा डबा फोन उचलेना आणि स्क्रीन थांबली. हणमंतराव म्हणाला, पाहुण्यांसमोर हे असं अडकलं तर पुढचं काम गेलं, दोन मिनिटांत हिरवं करून दे. सोमेशनं ती ओळ काढली. सर्व्हरवर त्याला जाता येत नाही म्हणून नेहमीसारखा तुझ्या नावानं आत गेला. साहेब आले, बटण दाबलं, लगेच हिरवं, टाळ्या वाजल्या. नंतर परत घालू म्हणाला. दर्ग्यावर कंदुरीच्या जेवणाला गेला आणि राहून गेलं, म्हणाला. मग पोळा आला.

मी विचारलं, "आदीला पकडून नेलं तेव्हा तू तिथंच होतास ना?"

"हाव."

"मग?"

"त्यानं माझ्याकडं बघितलं, ऋतुजा. त्याला कळलं होतं. त्यानं मानेनंच नको म्हणलं. मी गप बसलो. मला वाटलं चार दिवसांत सुटंल."

आम्ही हळू बोलत होतो, पण आई पलीकडच्या खोलीत जागीच होती. अर्धं अंग गेलंय, कान शाबूत आहेत. तिनं मला हाक मारली. मी आत गेले. तिला सगळं समजलं होतं, पुणं वगैरे काही नाही ते. मला वाटलं ती तुला आण म्हणेल, नाहीतर जावयाला वाचव म्हणेल. ती म्हणाली, "दोघातलं एक तरी घरी आण." एवढंच, आणि तोंड भिंतीकडं केलं.

मी सोमेशला म्हणाले, तू स्वतः जाऊन सांग. तो म्हणतो, सृष्टीला काय सांगू? थोडे दिवस दे म्हणतो. मी देऊन राहिले आहे. पण तो गेला नाही तर मी जाणार. हंगरवाडीला तिघं गेलेत आणि आमच्या घरात मी दिवस मागणारं माणूस सांभाळून बसले आहे. मला माझ्याच हातचं अन्न गोड लागत नाही.

तू सगळं ओळखून गप्प बसलास. माझ्यावर उपकार केलेस असं मी म्हणणार नाही. चार महिने तू मला त्या माणसाला वाढायला लावलंस, 'जेवत जा' म्हणून निरोप द्यायला लावलास.

ऋतुजा


लातूर
३० जानेवारी २०२५

ताई,

तुझं पत्र इथल्या साहेबांनी मला स्वतः आणून दिलं.

तुला वाटत असेल मी देवमाणूस आहे. मीही तसंच समजत होतो. पहिल्या महिन्यात मला फार शांत वाटायचं, आत्यासाठी करतोय, ताईसाठी करतोय. मग दाजी एकदाही भेटायला आले नाहीत. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी पत्रात 'दाजींना जप' लिहायचो ना, ते सरळ नव्हतं ताई. ते तू त्यांना वाचून दाखवशील हे मला ठाऊक होतं. त्यांच्या घशाखाली घास उतरू नये म्हणून लिहायचो. तुझ्या हातानं मी त्यांना टोचत होतो. तू म्हणालीस ते खरं आहे.

मला राग आहे. मी सांगितलं होतं त्यांना, ह्या ओळीला हात लावायचा नाही. खुर्चीला खुर्ची लावून बसायचो आम्ही. सिस्टिम बसवायच्या दिवशी आम्ही दोघं हंगरवाडीला गेलो होतो. ज्या घरासमोर भोंग्याचा खांब रोवला, त्या घरातल्या बाईनं आम्हाला ताक दिलं होतं. ती नागाबाई होती का, मला आठवत नाही. मी इतके दिवस आठवून राहिलो, चेहरा येत नाही.

तरी तुला सांगतो, त्यांना पोलिसांच्या हातात तू देऊ नको. ते स्वतः आले तर येऊ देत. तू दिलंस तर सृष्टी मोठी झाल्यावर तुला विचारेल. मी इथं आणखी राहू शकतो, सवय झालीय.

आदिनाथ


नांदेड
१६ मार्च २०२५

आदी,

तुझं ऐकलं नाही. शिवरात्रीपर्यंत वाट बघितली. मग मी वकीलबाईंकडं जाऊन माझा जबाब लिहून दिला आणि घरी येऊन सोमेशला सांगितलं, दिलाय. तो रागावला नाही. कपाटातून दोन शर्ट काढले आणि म्हणाला, चल.

आम्ही दोघं एसटीनं लातूरला निघालो. खिडकीपाशी बसला होता. लोहा गेलं. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "इथं उतरू का मी?"

मी म्हणाले, "उतरायचं तर उतर."

कंडक्टरनं घंटी दिली. तो उतरला नाही. पुढं लातूर येईपर्यंत त्यानं माझा हात धरून ठेवला होता. मी सोडवला नाही, पण धरलाही नाही. ते मला आता आठवत राहतं.

पोलिसांना त्यानं सगळं सांगितलं. हणमंतरावाचंही. हणमंतराव म्हणतो, मी फक्त 'लवकर हिरवं व्हायला पाहिजे' एवढं बोललो, थांबणं काढा असं कधी म्हणालो? त्याला अटकेच्या आधीच जामीन मिळाला. परवा दुकानापुढं दिसला, पान खात होता.

तुझा जामीन होईल, वकीलबाई म्हणतात. तुझ्यावरचं मोठं कलमही निघेल. तू आणि सोमेश दोनचार दिवस एकाच जेलात असाल, तेवढं चुकणार नाही.

आता जे लिहिते त्याचं वाईट वाटून घेऊ नको. सुटलास की इथं राहायला येऊ नको. सोमेशचे आईवडील आलेत, त्यांच्या पोराला मी आत घातलं म्हणून ते माझ्याशी बोलत नाहीत. सृष्टी रोज दाराशी बसते. तू बरोबर होतास, मी केलं तेही बरोबर होतं, तरी तुला दारात बघायची माझ्यात ताकद नाही. आईला भेटायला ये. मी लॅबला गेलेली असताना ये. फोन करू नको. पत्र चालेल.

ऋतुजा


देवणी
२४ जुलै २०२५

ताई,

तू सांगितलंस तसं दोनदा येऊन गेलो. सृष्टीनं दार उघडलं. आत्यानं चांगला हात माझ्या तोंडावरून फिरवला आणि बसवून ठेवलं. तू कॉलेजातून यायच्या आधी निघालो.

दाजी मला आत भेटले होते. हे तुला कुणी सांगितलं नसेल. मी सुटायच्या दिवशी, पाण्याच्या नळापाशी. मी ठरवलं होतं बोलायचं नाही. ते म्हणाले, "तुझी चटई मला मिळालीय." मी म्हणालो, भिंतीकडून झोपा, दाराकडून वारं येतं. यापेक्षा जास्त काही झालं नाही.

कंपन्या मला कामावर घेत नाहीत. इथं देवणीत एका ऑनलाइन सेवा केंद्रात बसतो. मी देवणी का धरली ते तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगतो. इथून हंगरवाडी जवळ आहे.

महिनाभर धीर झाला नाही. मागच्या आठवड्यात गेलो. मलप्पा गोठ्यात एकटेच होते. गोठा रिकामा. मला ओळखलं. बस म्हणाले. मी सांगितलं, ओळ मी काढली नव्हती, पण स्क्रिप्ट माझी होती. ते म्हणाले, "ते कोर्टात समदं ऐकलं. मला येक इचारायचं हाय. तुमच्या त्या मशीनीला कधी कळलं असतं, हितला भोंगा न्हाई वाजला म्हून?"

"लगेच," मी म्हणालो.

"लगेच म्हंजी?"

"गेट उघडायच्या आधी."

त्यांनी मान हलवली. वाटलं, आता ऊठ म्हणतील. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ऐकलं, "आलो" म्हणाले आणि मोटारसायकल काढली. "बसा मागं," मला म्हणाले.

बॅरेजवरून आनंदराजचा फोन होता. नव्या कंपनीनं थांबायची ओळ परत घातलीय. आता स्क्रीन हिरवी व्हायला वेळ लागतो, पण खरी होते. आणि हंगरवाडी लाल येते. सगळीकडचं वाजतं, इथलं वाजत नाही. डब्यातलं सिम बदलतात, महिनाभर चालतं, परत बंद. अर्ज दिलेत, माणूस येतो, बघून जातो. म्हणून लाल आलं की आनंदराज गेट तसंच ठेवतात आणि मलप्पांना फोन लावतात. मलप्पा काठानं गाडी घेऊन जातात, पात्रात कुणी नाही हे बघून परत फोन करतात, मग गेट उघडतं. हे काम त्यांना कुणी दिलेलं नाही.

चिखलाची वाट आहे. मी मागं कसाबसा धरून बसलो होतो. ते गाडी थांबवायचे, काठावर उभं राहून ओरडायचे, "पाणी येऊन राहिलंय, गुरं काढा, वर या." पुढं जायचे, परत ओरडायचे. एका ठिकाणी दोन बाया धुणं धूत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि धुणं चालूच ठेवलं. मलप्पा उतरून खाली गेले. पायऱ्या नाहीत, नुसता उतार. मीही गेलो. त्या हसत होत्या, "येताव की मामा, येवढं पिळून." ते तिथंच उभे राहिले. बायांनी पिळे उचलून टोपल्यात टाकले आणि वर आल्या, तेव्हाच ते हलले.

मग त्यांनी फोन लावून "उघडा" म्हणून सांगितलं. आम्ही काठावर बसलो. थोड्या वेळानं पाणी आलं. मी पहिल्यांदाच बघितलं ताई. आवाज आधी येतो. त्या बाया बसल्या होत्या तो दगड दिसेनासा झाला.

त्यांचा घसा पार बसला होता. मी पाण्याची बाटली दिली. दोन घोट प्यायले आणि नदीकडं बघत म्हणाले, "पैल्या हाकंला कुणीच येत न्हाई. नागी बी आली नसती. दुसऱ्या हाकंला आली असती."

आदिनाथ